मंडळीच्या गटाबरोबर परदेशात अल्पकालीन मिशन सेवा: आमंत्रणापासून अहवालापर्यंत

दहा-पंधरा दिवसांसाठी परदेशात सेवेला गेलेला गट तिथल्या मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, छपराखाली राहतो, तिच्या दुभाष्याच्या तोंडून बोलतो आणि तिच्या नावावर वस्तीत फिरतो. गट विमानात बसून परततो, नाव मात्र तिथेच राहतं. आपल्यातल्या कोणी व्हिसाचा नियम मोडला, आईवडिलांना न विचारता मुलांचे फोटो टाकले, एखाद्या कुटुंबाच्या हातात परस्पर पैसे ठेवले, तर त्याची उत्तरं पुढे कित्येक महिने तिथल्या पाळकांना (पास्टरना) द्यावी लागतात. म्हणून खालची प्रत्येक पायरी मी एकाच कसोटीवर घासून मांडली आहे: आपण गेल्यामुळे यजमान मंडळीचं काम हलकं होतंय का? आपल्या गटाला किती आशीर्वाद मिळाला हा प्रश्नही मोलाचा आहे, पण तो त्याच्यानंतरचा.

आधी आमंत्रण, मग तारखा

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये अंत्युखियाच्या मंडळीने उपास-प्रार्थना केली, हात ठेवले आणि बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांना रवाना केलं. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी ते दोघे त्याच मंडळीत परत आले आणि सगळ्यांना जमवून झालेलं काम सांगितलं. पाठवणारी मंडळी सुरुवातीलाही होती आणि शेवटीही. आजचे अल्पकालीन गट बहुधा जिथे आधीपासून मंडळी आहे अशाच ठिकाणी जातात, त्यामुळे त्यात बोलावणारी मंडळीही आली. तिचं स्पष्ट आमंत्रण हातात नसेल तर पुढची कोणतीच तयारी सुरू करू नका.

निघण्याच्या नऊ ते बारा महिने आधी तिथल्या पाळकांशी व्हिडिओ कॉलवर निवांत बोला. आपण काय काय करू शकतो याची यादी वाचून दाखवू नका. त्यांचं वर्षभराचं काम कसं चालतं, सध्या कशासाठी प्रार्थना करत आहेत, कोणत्या महिन्यांत पाहुणे परवडत नाहीत (सुगी, परीक्षा, निवडणुका, पावसाळा), किती माणसांची झोपण्या-जेवणाची सोय ओढाताण न होता होईल, आधी आलेल्या गटांचं काय आवडलं आणि काय जड गेलं, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर पहिल्याच कॉलमध्ये मिळत नाही. दोन-तीनदा बोलणं झाल्यावर, थोडा विश्वास बसल्यावर ते येतं.

त्यांना नाही म्हणायला वाट ठेवणं ही इथली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मदत घेऊन येणाऱ्या पाहुण्याला कोणी सहसा नको म्हणत नाही, विशेषतः त्याच्यामागून निधीही येणार असेल तर. म्हणून "आम्ही येऊ का?" असा एकच प्रश्न न विचारता पर्याय समोर ठेवा: दहा जणांचा गट आला तर बरं, की शिकवू शकणारे दोघेच आले तर, की प्रवासाचा खर्च वाचवून तोच निधी तुमच्या कामाला दिला तर? तिसरा पर्याय मनापासून द्यायचा असेल तरच द्या, आणि त्यांनी तो निवडला तर आनंदाने पाठवा.

या प्रश्नाला अभ्यासाचाही आधार आहे. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त झाल्यावर उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांचे अनेक गट तिथे घरं बांधायला गेले. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी नंतर त्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरच्या गटांनी बांधलेल्या घरांतली कुटुंबं आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी बांधलेल्या घरांतली कुटुंबं यांच्यात त्यांना लक्षणीय फरक दिसला नाही. तिथे जाऊन आलेल्या लोकांच्या देण्यात आणि प्रार्थनेतही टिकून राहिलेला बदल थोडाच होता. यावरून कोणी जाऊच नये असं मी म्हणणार नाही. जिथे स्थानिक गवंडी आहेत तिथे विटा रचण्यासाठी समुद्र ओलांडू नये, आणि जायचंच तर जाण्यामागे दुसरं काही भक्कम कारण हवं, एवढं मात्र त्यातून नक्की निघतं.

भक्कम कारणं पुष्कळ असतात. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना शिकवणं, तरुणांच्या शिबिरात स्थानिक पुढाऱ्यांना हात देणं, मंडळीचे हिशेब किंवा संगणक नीट लावून देणं, एकाकी भागात सेवा करणाऱ्या पाळक कुटुंबांना चार दिवस विसावा आणि सहभागिता देणं, तिथल्या परिचारिकांबरोबर आरोग्य तपासणी करणं. पाळकांना विसावा देणं हे काम यादीत फार क्वचित दिसतं. वर्षानुवर्षं एकटे राबणाऱ्यांना आपल्यासाठी कोणीतरी इतक्या लांबून येऊन नुसतं बसलं, ऐकलं आणि प्रार्थना केली याचं केवढं मोल वाटतं, हे तिथे बसूनच कळतं.

अनाथाश्रमांबाबत मात्र मी सरळ सांगतो: थोड्या दिवसांसाठी जाऊन मुलांना लळा लावून परत येण्याचा कार्यक्रम घेऊ नका. अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात, आणि भेटीला येणारे गट व त्यांच्या देणग्या यांमुळेच काही ठिकाणी मुलांना घरापासून तोडून संस्थेत आणलं जातं. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमातल्या स्वयंसेवेचे हे धोके नोंदवले. २०१० च्या जानेवारीत हैतीतल्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या मंडळ्यांमधून आलेल्या १० जणांना ३३ मुलं कागदपत्रांशिवाय सीमेपार नेताना अटक झाली. त्यांतल्या बऱ्याच मुलांचे आईवडील जिवंत होते. मुलांसाठी मन कळवळत असेल तर स्थानिक मंडळी ज्या कुटुंबांना मुलं घरीच सांभाळायला मदत करते, त्या कामाला हात लावा.

बोलणं पक्कं झालं की एका पानाचा करार दोन्ही मंडळ्यांनी सही करून ठेवावा: तारखा, माणसांची संख्या, काम, कोणता खर्च कोणाचा, अंतिम निर्णय कोणाचा. निर्णय यजमान पाळकांचा, हे त्यात शब्दांत लिहिलेलं असू द्या.

गटात कोण असावं

सहा ते बारा जण पुरे. त्यापेक्षा मोठा गट झाला की तो आपल्यातच रमतो, आणि यजमानांचा सगळा वेळ गाड्या व गाद्या गोळा करण्यात जातो.

नावं उपासनेनंतर हात वर करवून घेऊ नका. अर्ज, पाळकांचं शिफारसपत्र, मुलाखत, आरोग्याची माहिती, आणि मुलांमध्ये काम करणाऱ्यांसाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला, एवढं प्रत्येकाकडून घ्या. पाळकांच्या मुलाकडूनही घ्या. मुलाखतीत गाता येतं का, संदेश देता येतो का हे विचाराच, पण त्याहून एक प्रश्न उपयोगी पडतो: "ठरलेला कार्यक्रम तिथे गेल्यावर रद्द झाला आणि तुम्हाला दोन दिवस भांडी घासावी लागली, तर?" उत्तरापेक्षा उत्तर देतानाचा चेहरा पाहा.

तरुणांबरोबर दोन-तीन ज्येष्ठ माणसं घ्या. परक्या ठिकाणी वडीलधाऱ्यांना मान असतो आणि घरांची दारं त्यांच्यासाठी लवकर उघडतात. बोलण्याचं दान नसलेली पण हिशेब चोख ठेवणारी, आजाऱ्याजवळ शांतपणे बसणारी माणसं तर गटाचा कणाच असतात. ज्याला या वेळी थांबायला सांगावं लागेल त्याला पाळकांनी स्वतः भेटून सांगावं. योहान मार्क पंफुल्यातून परत फिरला आणि त्याच्यावरून पौल व बर्णबा यांच्यात फाटलं, पण पुढे त्याच पौलाने तीमथ्याला दुसऱ्या पत्रात मार्क सेवेसाठी उपयोगी आहे असं लिहिलं. आज नाही म्हटलेला माणूस पुढच्या गटाचा प्रमुख होऊ शकतो.

जबाबदाऱ्या आधीच वाटा: गटप्रमुख, उपप्रमुख, हिशेबनीस, आरोग्य पाहणारी व्यक्ती, बालसुरक्षा पाहणारी व्यक्ती, घरच्या मंडळीशी संपर्क ठेवणारी व्यक्ती. उपप्रमुख केवळ नावाला नको. गटप्रमुख तापाने झोपला तर दुसऱ्या दिवशी सगळं त्याच्यावर येतं. शिस्तपत्र सगळ्यांकडून सही करून घ्या आणि गंभीर बेशिस्त झाली तर स्वखर्चाने परत जावं लागेल, हे त्यात असू द्या.

कागदपत्रं आणि तिथला कायदा

अनेक देश प्रवासाच्या तारखेनंतर किमान ६ महिने वैध असलेला पासपोर्ट मागतात आणि त्यात एक-दोन कोरी पानं हवी असतात. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळायला हवं. अठरा वर्षांखालचं कोणी असेल तर दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि आजारपणात उपचाराची परवानगी सोबत ठेवा.

व्हिसाच्या बाबतीत प्रामाणिकपणा पाळताना थोडीही तडजोड नको. पुष्कळ देशांत पर्यटक व्हिसावर प्रचार करणं, शिकवणं, औषधं देणं किंवा बांधकाम करणं हे विनामोबदला असलं तरी कामच समजलं जातं. तुमचा खरा कार्यक्रम लिहून दूतावासाला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. "विमानतळावर फक्त फिरायला आलोय म्हणायचं" असा सल्ला कोणीही, कितीही अनुभवी माणसाने दिला तरी मानू नका. जो सत्याची सुवार्ता सांगायला निघाला आहे त्याने खोटं बोलून आत शिरू नये. शिवाय ते उघडकीला आलं तर चौकशी मागे राहिलेल्या मंडळीची होते.

तिथला धर्मप्रचाराचा कायदाही वाचा. उदाहरणार्थ नेपाळमध्ये २०१५ च्या राज्यघटनेचं कलम २६ दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई करतं, आणि ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ मध्ये त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे. मलेशियाच्या घटनेतलं कलम ११(४) मुस्लिमांमध्ये इतर धर्मांच्या प्रसारावर निर्बंध घालायची मुभा राज्यांना देतं. अशा ठिकाणी काय बोलावं, कुठे बोलावं, पत्रकं न्यावीत की नाही, हे तिथलेच विश्वासणारे ठरवतील. त्यांच्यापेक्षा आपण जास्त धीट आहोत असं दाखवायला जाऊ नका. त्या धैर्याची किंमत त्यांना मोजावी लागते.

प्रवास विमा घेताना दोन गोष्टी पॉलिसीत शोधा: आजाऱ्याला विमानाने हलवण्याचा खर्च आणि अंगमेहनतीच्या कामात झालेली इजा. दुसरी गोष्ट बऱ्याच पॉलिसींमधून वगळलेली असते. सगळ्या कागदांच्या प्रती एक गटप्रमुखाकडे, एक घरच्या मंडळीच्या कार्यालयात ठेवा, आणि पोचल्यावर आपल्या देशाच्या दूतावासात नोंद करा.

आरोग्य

प्रवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी प्रवासी आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरांना सगळ्या गटाने भेटावं. पिवळ्या तापाची लस लागणाऱ्या देशात जायचं असेल तर ती प्रवेशाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हाच तिचा दाखला वैध होतो. जुलै २०१६ पासून हा दाखला आयुष्यभरासाठी मानला जातो. टायफॉइडचं इंजेक्शन निदान दोन आठवडे आधी. हिपॅटायटिस ए, धनुर्वात, गोवर यांचंही विचारून घ्या. मलेरियाच्या प्रदेशात गोळ्या परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात: एटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन असेल तर ४ आठवडे. घरी आलो, संपलं, असं म्हणून लोक त्या मध्येच सोडतात. परतल्यानंतर वर्षभरात कधीही ताप आला तर आपण कुठे गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

पाणी उकळून प्यायचं असेल तर खळखळ उकळी एक मिनिट, आणि २,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं. जुलाब झाले तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच हवा. कुत्रं, माकड चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. "बारीक ओरखडा आहे" हे वाक्य गटात चालू देऊ नका.

नेहमीची औषधं मूळ वेष्टनात, औषधाच्या मूळ रासायनिक नावाच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. काही देशांत आपल्याकडे सर्रास मिळणारी सर्दी-खोकल्याची किंवा वेदनाशामक औषधंही प्रतिबंधित असतात. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आतली.

सर्वांत मोठा धोका मात्र रस्त्यावरचा. निरोगी प्रवाशांच्या परदेशातल्या मृत्यूंमागे वाहन अपघात हे आघाडीचं कारण आहे. रात्रीचा लांबचा प्रवास नाही, ट्रकच्या हौद्यात बसणं नाही, पट्टा असलेली गाडी आणि झोप झालेला चालक. हा नियम यजमानांना आधीच सांगितला तर ते तसं वेळापत्रक लावतात. आयत्या वेळी सांगितलं तर त्यांना ओशाळल्यासारखं होतं.

वैद्यकीय सेवा द्यायची असेल तर गटातल्या डॉक्टर-परिचारिकांनी त्या देशाची तात्पुरती परवानगी काढलीच पाहिजे. आपल्या देशात जे करण्याची पात्रता नाही, ते परदेशात जाऊनही करायचं नाही. विद्यार्थ्याने दात काढायचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या सूचनांनुसार दिलेली औषधं पोचताना किमान एक वर्ष मुदतीची असावीत, त्यामुळे उरलीसुरली औषधं गोळा करून नेऊ नका. रक्तदाब किंवा मधुमेह सापडलेल्या माणसाला महिन्याभराच्या गोळ्या देऊन आपण निघून आलो तर त्याचं पुढे काय? स्थानिक दवाखान्याशी आधी बोलून, त्यांच्याच नोंदवहीत नाव घालून तपासणी करा.

पैसा

अंदाजपत्रकात तिकीट, व्हिसा, विमा, लसी हे सगळ्यांना आठवतं. दुभाष्याचं मानधन, यजमानांचा फोन आणि पेट्रोल, वाढलेलं वीज-पाण्याचं बिल, स्वयंपाक करणाऱ्यांचा मोबदला, हे विसरतं. एकूण रकमेच्या दहा-पंधरा टक्के अडीअडचणीसाठी वेगळे ठेवा. परतल्यानंतरच्या पाठपुराव्यासाठीही वेगळी रक्कम ठेवा, कारण खरं काम पुष्कळदा तेव्हाच सुरू होतं.

निधीसाठी पत्र लिहाल तेव्हा त्यात तिथल्या लोकांचं दैन्य रंगवू नका. तेच पत्र उद्या त्यांच्या वाचनात आलं तर त्यांची मान खाली जाणार नाही, असं लिहा. जमलेली रक्कम मंडळीच्या खात्यात, पावती देऊन. एखाद्याचं जाणं रद्द झालं तर त्याच्या नावाने आलेल्या दानाचं काय होईल आणि शिल्लक कुठे जाईल, हे दान घेण्याआधीच लिहून ठेवा. देशाबाहेर पैसे पाठवण्याचे आणि धार्मिक संस्थांच्या निधीचे कायदे प्रत्येक देशात वेगळे, म्हणून लेखापालांना विचारल्याशिवाय रक्कम हलवू नका.

पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली होती, आणि कोणी बोट दाखवू नये म्हणून ही काळजी, असं करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्पष्ट लिहिलं. परदेशात रोख रक्कम हाताळताना हाच दंडक: दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची, रोज रात्री वही पुरी करायची.

आणि व्यक्तीला परस्पर पैसे नाहीत. हे पाळणं कठीण जातं. कोणी रडत येऊन मुलाची फी मागतं, खिशात पैसे असतात, आणि आपण परवा जाणार असतो. तरीही शांतपणे ऐका, नाव लिहून घ्या, त्यांच्याबरोबर प्रार्थना करा, आणि यजमान पाळकांना सांगा. त्या घरची खरी परिस्थिती त्यांना ठाऊक असते, आणि शेजारच्या ज्या पाच घरांना काही मिळणार नाही त्यांना तोंडही त्यांनाच द्यायचं असतं.

जाण्यापूर्वीच्या बैठका

किमान तीन महिने, पंधरा दिवसांतून एकदा भेटा. प्रार्थना, त्या देशाचा इतिहास, तिथल्या मंडळीचा इतिहास, पोशाखाचे आणि स्त्री-पुरुष वावराचे संकेत, थोडीशी भाषा. नमस्कार, आभार, माफ करा, फार छान जेवण, हे तिथल्या भाषेत बिनचूक येऊ द्या. त्यांचं एखादं स्तुतिगीत पाठ केलंत तर पहिल्याच उपासनेत परकेपणा विरघळतो.

सर्वांत जास्त सराव दुभाष्याबरोबर बोलण्याचा करा. याकडे जवळजवळ प्रत्येक गट दुर्लक्ष करतो. चाळीस मिनिटांचा संदेश दुभाष्यासह म्हणजे तुमच्या वाट्याला वीसच मिनिटं. म्हणून अर्धं कापा, आणि घाईघाईने बोलून भरून काढू नका. वाक्य लहान पण पूर्ण हवं. अर्ध्या वाक्यावर थांबलात तर ज्या भाषेत क्रियापद आधी येतं त्या भाषेचा दुभाषी अडकून पडतो. वचनांचे संदर्भ आणि मुद्दे त्याला आदल्या दिवशी द्या. बोलताना त्याच्याकडे न पाहता समोरच्या लोकांकडे पाहा.

साक्षीचं, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगण्याचं, उदाहरण घ्या. "मी अंधारात चाचपडत होतो, पापाच्या गाळात रुतलो होतो, पण प्रभूने मला खडकावर उभं केलं" हे आपल्या प्रार्थनासभेत सगळ्यांना उमगतं. परक्या सभेत ते दुभाष्यापाशीच अडतं, आणि ज्याने कधी शास्त्र उघडलं नाही त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी: "मी रोज दारू पीत होतो. माझी बायको मुलांना घेऊन निघून गेली. शेजारचे एक काका रोज संध्याकाळी येऊन माझ्याजवळ बसायचे. ते येशूला मानत होते. एक दिवस मी त्यांना विचारलं, तुम्ही का येता?" इथे दुभाष्याला एकाही वाक्यावर थांबावं लागत नाही, आणि ऐकणारा पुढचं ऐकायला सरसावतो. प्रत्येकाने आपली साक्ष अशी तीन मिनिटांत लिहावी आणि गटातल्याच एकाला दुभाषी करून सगळ्यांसमोर बोलून पाहावी. आणखी एक: दुभाषी दिवसभर दोघांचं बोलत असतो, त्याला दोघांइतका थकवा येतो. जेवताना त्याला जेवू द्या.

तिथे पोचल्यावर

पहिला दिवस ऐकण्याचा. परिसर पायी पाहा, मंडळीच्या लोकांकडून त्यांची गोष्ट ऐका, आणि तोंडातून "आमच्याकडे असं करतात" हे निघू देऊ नका. पुढे वाढतील ते खा, हे प्रभूने पाठवलेल्यांना सांगितलंच होतं (लूक १०). पथ्य किंवा ॲलर्जी असेल तर ती आधीच कळवलेली असावी.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या. यजमान मंडळीतल्या काही बहिणी पहाटेपासून चुलीपाशी असतात. पाहुण्यांचं चहापाणी, मग जेवण, मग भांडी, मग रात्रीचं जेवण. सभागृहात त्यांच्याच मंडळीसाठी आठवडाभर शिक्षण चाललेलं असतं आणि त्यांच्या कानावर त्यातलं काहीच पडत नाही. निदान एक दिवस गटातल्या चौघा-पाच जणांनी, पुरुषांनीही, त्यांच्याकडून पदर खोचून काम शिकून घ्यावं आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवावं. जमलं तर स्त्रियांसाठीचं शिक्षण त्यांच्या वेळेला, दुपारी भांडी आवरल्यावर ठेवा. हे करार करतानाच बोलून घेतलं तर आणखी चांगलं.

मुलांच्या बाबतीत नियम कडक हवेत: कोणीही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड एकटा नाही, नेहमी दोघे आणि दिसेल असं. मुलांचे फोटो पालकांना विचारून. नाव आणि ठिकाण एकत्र टाकायचं नाही. मुलांशी परस्पर फोन-मेसेज नाहीत. जिथे विश्वासणाऱ्यांवर दबाव आहे तिथे मोठ्यांचेही चेहरे, चर्चची पाटी, घराचा पत्ता फोटोत नको. पोस्ट काय टाकायची ते परतल्यावर, यजमानांना दाखवून ठरवा. तोवर घरच्यांना संपर्क पाहणाऱ्या व्यक्तीकडून एकच निरोप रोज जाईल.

वचन देऊ नका. "पुढच्या वर्षी नक्की येऊ", "तुमच्यासाठी पंप पाठवतो", असं आपण भारावून बोलून जातो, आणि समोरचा ते दिवस मोजत धरून बसतो. शक्य असेल तर "मंडळीत विचारून तुमच्या पाळकांना कळवू", इतकंच बोला आणि मग खरंच कळवा.

रोज रात्री अर्धा तास सगळे एकत्र बसा: आज देवाने काय दाखवलं, कोणाचं मन दुखावलं, उद्या काय बदलायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी थकवा, अपुरी झोप आणि पोटाच्या तक्रारी यांमुळे चिडचिड सुरू होतेच. तेव्हा जे आहे ते सूर्य मावळायच्या आत समोरासमोर बोलून मिटवा. आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा ठेवा, यजमानांनाही तो लागतो. शेवटच्या दिवशी यजमान पुढाऱ्यांबरोबर स्वतंत्र बसून हिशेब दाखवा, उरलेलं साहित्य काय ठेवायचं ते त्यांनाच ठरवू द्या, आणि चाव्या परत करण्याआधी खोल्या झाडून घ्या.

परतल्यावर

पहिल्या आठवड्यात गटाने पुन्हा भेटावं. काहींना घरी आल्यावर आपलंच जगणं खटकायला लागतं, काहींना रडू येतं, काही एकदम गप्प होतात. ज्यांनी मृत्यू, हिंसा किंवा टोकाचं दारिद्र्य जवळून पाहिलं असेल त्यांच्याशी पाळकांनी किंवा समुपदेशकांनी वेगळं बोलावं.

मंडळीपुढच्या अहवालात स्लाइडांच्या माळेपेक्षा तिथल्या विश्वासणाऱ्यांचं काम सांगा: ते काय करत आहेत, आपण त्यात कुठे हात लावला, आता कशासाठी प्रार्थना हवी. प्रार्थना करणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना पूर्ण हिशेबासह पत्र महिन्याभरात जावं. शक्य असेल तर यजमान पाळकांचं मनोगत ध्वनिमुद्रित करून ऐकवा, आपल्या तोंडून नको.

यजमानांकडून आपल्या सेवेचं परखड मूल्यमापन मागवा. ते दोन आठवड्यांनी नको, तेव्हा फक्त आभार येतात. तीन-चार महिन्यांनी, शक्यतो दोघांच्या ओळखीच्या तिसऱ्या व्यक्तीमार्फत मागवा: शिकवलेल्यापैकी काय वापरात आहे, काय पडून आहे, पुन्हा गट हवा का, आणि हवा तर कशासाठी. ते उत्तर आपल्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीपुढे जसंच्या तसं वाचा. त्याच बैठकीत पुढच्या व्हिडिओ कॉलची तारीख घ्या, आणि त्यांच्याकडचे कोणी आपल्या मंडळीत येऊन शिकवू शकतील का, तेही त्या कॉलमध्ये विचारा. त्यांच्या तिकिटाचा खर्च पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात धरून ठेवा.